अण्णांची पावती

मागच्या वीकांताला पुणतांब्याला जाऊन आलो. कारण साधंच होतं. थोरल्या भावाने घराला रंग द्यायचं काढलंय, त्यामुळे माळ्यावरचं सगळं सामान खाली आलं होतं आणि त्यातली अण्णांची पत्र्याची ट्रंक 'तूच लाव रे बाबा, तुला कागदांचं कळतं' म्हणून माझ्यापुढे सरकवण्यात आली. सॉफ्टवेअरवाल्याला कागदांचं कळतं हा आमच्या घरातला एक गोड गैरसमज आहे. पंखा दुरुस्त करण्यापासून सातबारा वाचण्यापर्यंत सगळं याच खात्यात येतं.

अण्णा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. दुसरी लाट. त्याबद्दल आज लिहीत नाही. पण ट्रंक तेव्हापासून कोणी उघडली नव्हती.

आत अपेक्षित ऐवज होता. सोसायटीची पासबुकं, उसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या, लाइटबिलं, बैलाच्या खरेदीचा एक कागद, माझी दहावीची गुणपत्रिका (मी ही हरवली म्हणून दुय्यम प्रत काढायला बोर्डात हेलपाटे घातले होते!). आणि सगळ्यात खाली, सुतळीने बांधलेला पावत्यांचा एक गठ्ठा. सगळ्या एकाच ठिकाणच्या. पूना गेस्ट हाऊस, लक्ष्मी रस्ता, पुणे.

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांना पुण्यात मुक्कामाचं हॉटेल म्हटलं की हिंजवडी किंवा विमाननगर आठवणार. काचेची इमारत, दारात सलाम, खोलीत दोन पाण्याच्या बाटल्या आणि सकाळी एकाच चवीचे बावीस पदार्थ. माझ्या डोक्यात मात्र 'हॉटेलात राहणं' या शब्दांना पहिलं चित्र चिकटलंय ते लक्ष्मी रस्त्यावरच्या या जागेचं. वय झालेलं, उजाळा उतरलेलं, भर पेठेत गर्दीच्या डोक्यावर शांत बसलेलं.

जुलै २००२. बारावी झालेली, निकाल हातात, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी अण्णांबरोबर पुण्याला निघालो. मी त्याआधी पुणं एकदाच पाहिलं होतं, तेही शाळेच्या सहलीत पर्वती आणि शनिवारवाडा एवढंच. एसटीने शिवाजीनगर स्टँडला उतरलो (तो स्टँड २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला गेला, पण माझ्या डोक्यातल्या नकाशात अजून तिथेच आहे). पाऊस पडत होता. पुण्यात आईचे मावसभाऊ राहतात, आम्ही त्यांना पुण्याचे मामा म्हणतो. मला वाटलं त्यांच्याकडे जायचं. अण्णांनी रिक्षावाल्याला सरळ लक्ष्मी रस्ता सांगितला.

"मामांकडं नाही जायचं?"

"उद्या जाऊ भेटायला. राहायचं आपल्या जागेवर."

आपली जागा! पुणतांब्याचा शेतकरी लक्ष्मी रस्त्यावरच्या गेस्ट हाऊसला आपली जागा म्हणतो, याचं मला तेव्हा भारी कौतुक वाटलं होतं.

याचं मूळ आमच्या आजोबांकडे जातं. आजोबांना सिनेमाचं विलक्षण वेड. कोर्टाच्या कामासाठी पुण्याला आले की इथेच उतरायचे, कारण नाटक-सिनेमाची माणसं इथे उतरतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आणि ते खरंही होतं. हे गेस्ट हाऊस सुरू केलं नानासाहेब सरपोतदारांनी, १९३५ साली. नानासाहेब म्हणजे मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक. त्यामुळे कलाकार मंडळींचा हा अड्डा झाला आणि पुढच्या पिढीतल्या चारुकाका सरपोतदारांनी तो नेटाने चालवला. आजोबा सांगायचे की एकदा त्यांच्या शेजारी एक फार मोठा नट जेवायला बसला होता आणि त्याने आजोबांकडे मीठ मागितलं. नट कोण हे दरवर्षी बदलायचं. मीठ मात्र कायम होतं.

इथे जरा विषयांतर, सवयच आहे. आपल्याकडे सिनेमा आला तोच मुळी एका हॉटेलात. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती पहिल्यांदा दाखवल्या गेल्या. बिडाच्या सांगाड्याची ती इमारत, सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणलेला. त्या काळातलं एकदम झोकदार हॉटेल. पुढे तिचं नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, हॉटेल जाऊन वकिलांची ऑफिसं आली, आणि २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामी करायची वेळ आली. तर सिनेमा हॉटेलात जन्मला, आणि चाळीसेक वर्षांनी पुण्यात सिनेमाच्या माणसाने हॉटेल काढलं. मधल्या तारखा ओळीने लावून बघा. १९३१ ला 'आलम आरा' आला, १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट. एक अख्खं तंत्रज्ञान दोन-तीन वर्षांत निकालात निघालं. आणि १९३५ ला हे गेस्ट हाऊस. हल्ली हापिसात जेवायच्या टेबलावर रोज 'एआयने आपली नोकरी गेली तर काय करायचं' ही चर्चा चालते, तेव्हा मला हमखास नानासाहेब आठवतात. माणसाने थाळी वाढायला शिकून ठेवावी.

असो. तर २००२ ची ती खोली. दोन खाटा, एक टेबल, उंच छत, आणि खिडकीतून येणारा लक्ष्मी रस्ता. खिडकीतून दिसणारा असं मी म्हणत नाही, कारण तो मुख्यतः ऐकूच यायचा. स्कूटरचे हॉर्न, दुकानाची शटरं, लग्नाच्या बस्त्याला आलेल्या बायकांचे आवाज. गावी आमच्याकडे रात्री नऊनंतर फक्त रेल्वे ऐकू येते. दौंड-मनमाड लाइन गावातून जाते, मालगाडी गेली की भांडी वाजतात. त्या रात्री मला रेल्वेशिवाय झोप येईना. अण्णा मात्र अंगरख्याची घडी उशाला घेऊन पाच मिनिटांत घोरायला लागले. माणूस आपल्याच घरी झोपावा तसे.

जेवण मात्र लख्ख आठवतं. गरम पोळ्या, आळूची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, वरणभात, वर लिंबाची फोड. आमच्या घरी बाजरीची भाकरी आणि पिठलं-ठेचा यावर वाढलेल्या पोराला आळूच्या भाजीत शेंगदाणे आणि गूळ बघून आधी धक्काच बसला. दुसऱ्या वाटीला मतपरिवर्तन झालं. वाढणारे काका अण्णांना नावाने ओळखत होते. "हे धाकटे का?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "हो. इंजिनिअर व्हायला आलाय." प्रवेश मिळायचा होता अजून! पण अण्णांनी ते असं सांगितलं की मला त्यानंतर नापास व्हायची सोयच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रवेश झाला. मामांकडे चहाला गेलो, पेढे दिले, संध्याकाळची एसटी पकडली.

आता ट्रंकेकडे परत येतो. पावत्या होत्या १९८६ पासून २०१७ पर्यंतच्या. किती पैसे वगैरे लिहीत नाही, उगाच आजच्या भाड्याशी तुलना करून हळहळाल. अण्णांनी त्या का ठेवल्या? कोणत्याही कागदाला ते 'असू दे' म्हणायचे, म्हणून. मी आपला सवयीने लॅपटॉप काढून एक्सेल उघडलं. तारीख, किती रात्री, किती जेवणं. भाऊ म्हणाला, "याच्यापेक्षा तू रंगाचा ब्रश घे." पण एकदा डेटा दिसला की आमच्यासारख्यांना राहवत नाही.

आणि तिथे घोळ झाला.

जुलै २००२ ते मे २००६ ही माझी कॉलेजची चार वर्षं. त्या काळातल्या पावत्या निघाल्या अकरा. मी बोटांवर मोजलं. त्या चार वर्षांत अण्णा मला पुण्यात भेटले सहा वेळा. प्रवेशाच्या वेळी, मला कावीळ झाली तेव्हा, एकदा गणपतीत विसर्जन मिरवणूक बघायला (लक्ष्मी रस्त्यावरून मिरवणूक जाते आणि आपण तिच्या काठावरच मुक्कामाला, यासारखी चैन नाही), अशा सहा. मग उरलेल्या पाच वेळा अण्णा पुण्यात येऊन करत काय होते? मी तिथून चार किलोमीटरवर होस्टेलमध्ये होतो. एकदाही कळवलं नाही, भेटले नाहीत. त्या पाचातल्या चार तारखा जुलै नाहीतर जानेवारीतल्या. प्रत्येक वेळी एक रात्र, एकच जेवण.

डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. शेवटी ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या आईपुढे लॅपटॉप नेऊन ठेवला. तिने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुझ्या फीसाठी," ती म्हणाली. "ऊस जायचा, पैसे उशिरा यायचे. तोवर फीची तारीख. मग मामांकडून हातउसने आणायचे. परत केले हो सगळे."

"मग मामांकडंच का नाही राहिले? हॉटेलचा खर्च कशाला?"

आईने माझ्याकडे असं बघितलं की हा खरंच इंजिनिअर झाला का, अशी तिला शंका आली असावी.

"ज्याच्यापुढं हात पसरायचा, त्याच्याच घरी सकाळी आंघोळीला पाणी कसं मागायचं? ते म्हणायचे, पैसे मागायला जायचं तर आपल्या जागेवरून उठून जायचं, आणि आपल्या जागेवर परत यायचं."

"मला का नाही भेटले?"

"भेटले असते तर तू विचारलं असतंस, कशाला आला? खोटं बोलता येत नव्हतं त्यांना."

चार वर्षं मी कँटीनमध्ये मित्रांना सांगत होतो की आमच्या अण्णांना पुण्याची फार आवड, आले की थेट लक्ष्मी रस्ता. सगळे हसायचे. मीही हसायचो.

पण गोष्ट इथे संपत नाही. गठ्ठ्यातली शेवटची पावती सप्टेंबर २०१७ ची आहे, आणि ती मला चांगली आठवते, कारण त्या रात्री मी तिथे होतो.

२०१७ मध्ये पुणतांबा अचानक सगळ्या वाहिन्यांवर झळकलं होतं. १ जूनपासून शेतकऱ्यांचा संप, आणि त्याची सुरुवात आमच्या गावातून. दूध रस्त्यावर, भाजीपाला शहरात जाईना. माझ्या हापिसात तोपर्यंत कोणाला पुणतांबा म्हणजे काय हे माहीत नव्हतं. काहीजण मला 'पुणे-तांबे' कुठे आहे असं विचारायचे. त्या आठवड्यात कॉफी मशीनजवळ दुधाच्या नावाने बोंब सुरू होती. 'ह्यांना फुकट पाहिजे सगळं' असं एकजण म्हणाला. मी काळी कॉफी घेतली आणि जागेवर जाऊन बसलो. एक शब्द बोललो नाही. टीमलीड होतो, अप्रेझलचे दिवस होते, वगैरे. कारणं काय, हवी तेवढी मिळतात. २४ जूनला कर्जमाफी जाहीर झाली, दीड लाखापर्यंतची, आणि विषय मागे पडला.

सप्टेंबरमध्ये अण्णा डोळे दाखवायला पुण्याला आले. वाकडला माझा दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट, चोवीस तास पाणी. तरी राहिले लक्ष्मी रस्त्यावर. मी चिडलो. बायकोला काय वाटेल, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. अण्णा शांतपणे म्हणाले, "तुझ्या घरी मी पाहुणा. इथं मी गिऱ्हाईक. मला इथं बरं वाटतं."

मग मीच संध्याकाळी तिकडे गेलो, रात्री राहिलोही. पंधरा वर्षांनी पुन्हा तेच. दोन खाटा, खिडकीतून येणारा लक्ष्मी रस्ता. खाली एकत्र जेवलो. आळूची भाजी होतीच. पोळी तोडता तोडता अण्णा म्हणाले, "एक विचारायचं होतं तुला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. क्लायंटची सकाळ झाली होती. मी हात धुऊन बाहेर गेलो ते चाळीस मिनिटांनी परत आलो. अण्णा खोलीत गेले होते, खाटेवर बसले होते.

"काय विचारत होतात?"

"काही नाही. नोकरी बरी चाललीय ना?"

"चाललीय की."

"मग झालं." आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. निदान मला तसं वाटलं.

ही पावती मी आईला दाखवली. म्हटलं, ही डोळ्यांच्या वेळची. आईचे हात शेंगांवर थांबले.

"डोळ्यांचं निमित्त होतं. त्या खेपेला तुलाच विचारायला आले होते. सोसायटीचं कर्ज माफीच्या वर होतं. विचारलं नाही का त्यांनी?"

त्या हिवाळ्यात नदीकडचं अर्धा एकर वावर विकलं, हे मला माहीत होतं. फोनवर अण्णांनी सांगितलं होतं, "लांब पडत होतं, बरं झालं गेलं ते." मी 'बरं झालं' म्हणालो होतो. मीसुद्धा.

संध्याकाळी गोदावरीकडे जाऊन बसलो. आमच्या गावात चांगदेवांची समाधी आहे. गोष्ट सगळ्यांना माहीत असते. चौदाशे वर्षं जगलेला योगी, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायना काय लिहावा ते त्याला सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोरंच पत्र पाठवलं. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. लहानपणी मला ही गोष्ट चांगदेवांची फजिती म्हणून सांगितली होती. त्या संध्याकाळी मात्र मी त्यांच्याच बाजूने विचार करत होतो. बाप मुलाला काय मायना लिहिणार? आयुष्यभर देणारा माणूस मागायला बसला की त्याला शब्द सापडत नसतील. कोरं पत्र आलं होतं माझ्याकडे, आळूच्या भाजीच्या वाटीशेजारी ठेवलेलं. ते वाचायला ज्ञानेश्वर व्हायची गरज नव्हती. फोन बंद ठेवला असता तरी पुरलं असतं.

लोकमान्य टिळक मुंबईला गेले की सरदारगृहात उतरायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळ. १ ऑगस्ट १९२० ला तिथेच गेले. शाळेत असताना मला कायम प्रश्न पडायचा, एवढ्या मोठ्या माणसाला मुंबईत घरी ठेवून घ्यायला लोक रांगा लावतील, मग लॉजमध्ये का? आता वाटतं, ज्याला दिवसभर माणसांना भेटायचंय, त्याला रात्री कोणाच्या उपकाराखाली नसलेली एक खोली लागत असेल. टिळकांचं मला काय कळणार म्हणा. अण्णांचं मात्र थोडं थोडं कळायला लागलंय. फार उशिरा.

जुन्या हॉटेलांबद्दल लिहिताना आपण पितळी कड्या, उंच छतं आणि जुन्या फरशा यांबद्दल लिहितो. तेवढ्यासाठीच माझी ही जागा आवडती आहे असं मलाही परवापर्यंत वाटत होतं. पण त्या खोलीने आमच्या घराला जे दिलं ते वेगळंच. पैसे मोजले की कोणी 'का आलात' विचारत नाही. सकाळी पाणी गरम मिळतं. वाढणारे काका नावाने ओळखतात आणि दुसरी पोळी न मागता वाढतात. खिशात मामांकडून आणलेली फी असो किंवा नुसता परतीच्या एसटीचा खर्च, माणूस जेवायला बसतो तो गिऱ्हाईक म्हणून, ताठ. माझी इंजिनिअरिंगची फी त्या खोलीच्या भाड्यासकट भरली गेलीय.

पावत्यांचा गठ्ठा मी पुण्याला आणलाय. एक्सेलची फाइल काढून टाकली. सुतळी तीच ठेवली.

आणि हो, आई पुढच्या शनिवारी येतेय. अण्णा इतकी वर्षं जायचे, पण आई त्या गेस्ट हाऊसची पायरीसुद्धा कधी चढली नव्हती, हेही परवाच लक्षात आलं. तिला तिथे थाळी खायला न्यायचा बेत आहे. मंडईपर्यंत आता भुयारी मेट्रो आहे, सरकता जिना बघून ती काय म्हणते तेही ऐकायचंय. फोनवर जरा भीतभीतच विचारलं, "आई, राहायचं कुठं? खोली बघू का तिथं?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, "कशाला? मला काय मागायचंय तुझ्याकडं? घरीच राहीन की."

मी म्हटलं, "माग ना पण काहीतरी."

"बरं," ती म्हणाली, "जेवताना तो फोन घरी ठेव."